मोठमायचं मेंदीचं कुंपण

आमच्या वस्तीत तुळसाबाईशी ज्याचं कधी वाजलं नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा नवरा उकंडा. तोही यवतमाळच्या एका कापसाच्या जिनात कामाला होता. आठवड्याच्या बाजाराला घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि उजाडताच परत वाटेला लागायचा. म्हणूनच टिकला, असं लोक म्हणत. बाकी कोणाची सुटका नव्हती. तुळसाबाई माझ्या आईची थोरली बहीण, म्हणजे आमच्या बोलीत मोठमाय. मी यवतमाळला राहून मॅट्रिक झालो आणि पत्र्याची पेटी घेऊन गावात उतरलो, तेव्हा सगळ्या वस्तीनं माझं तोंड पाहिलं. मोठमायनं पाय पाहिले. म्हणाली, "मॅट्रिक झाला म्हन्ते, अन् चपला तं अजून एकाच बाजूनं झिजून राह्यल्या."

तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या कुंपणाबद्दल लिहावं लागतं, कारण ती सगळ्या जगाशी बोलायची ती कुंपणाच्या आतून, आणि शिव्याही तिथूनच द्यायची.

आमचं गाव बाभुळगावच्या वाटेवर. गावानं स्वतःसाठी काळी जमीन ठेवली आणि आमच्या लोकांना मुरमाचा उतार दिला. तिथं कुदळ मारली तर ठिणगी उडायची. तेव्हा त्याला महारवाडा म्हणत. आता आम्ही बौद्धपुरा म्हणतो, गावातले लोक काहीच म्हणत नाहीत, नुसता हात करून दाखवतात. विहीर नानाजी पाटलांच्या वाड्यासमोर. तिच्यावर आम्हाला जायची मुभा नव्हती. आमचं पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळू उकरायची, पाणी पाझरायची वाट पाहायची आणि करवंटीनं घागर भरायची.

मोठमाय लग्न होऊन आली तेव्हा तिला फुलांची हौस होती, असं आई सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण आई खोटं बोलत नाही. तिनं मोगरा लावला, तो वाळला. जास्वंद लावली, तीही वाळली. मग ती चिडली आणि पाणी मागत नाही असं झाड शोधायला लागली. तिचं माहेर मारेगावकडचं. तिकडून तिनं मेंदीच्या काड्या आणल्या, शिसपेन्सिलीएवढ्या जाड, आणि आषाढात अंगणाच्या कडेनं तिरप्या खोवल्या. पहिल्या उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी तेवढं त्यांच्या मुळाशी टाकलं. त्यानंतर पाणी बंद. पाणी मागशील तर उपटून चुलीत घालीन, असं ती झाडाला बजावायची म्हणे. झाडानं ऐकलं. त्या घरात ऐकणारं तेवढं एकच निघालं.

दर वर्षी ती शेंडे छाटायची, त्यामुळं कुंपण खालून भरत गेलं. चारपाच वर्षांत ते इतकं दाट झालं की कोंबडी आत शिरायची तर तिला फाटकाकडूनच यावं लागे. वैशाखात सगळा शिवार करपून तपकिरी व्हायचा, तेव्हाही ते हिरवं. पाऊस लागला की बारीक पांढुरक्या फुलांचे तुरे यायचे आणि संध्याकाळी त्यांचा वास चढ चढून थेट पाटलाच्या ओसरीपर्यंत जायचा. नानाजींच्या बायकोनं, विमलताईंनी, गावभर केलं की त्या वासानं साप येतात. कुंपणात साप कधी निघाला नाही. मोठमाय आत असताना कोणता साप धजावणार.

आता यातली रीत सांगतो. नागपंचमीला गावात लेकी माहेरी येतात, हात रंगवतात, आणि त्या भागात मेंदी मोठमायकडंच. पंचमीच्या आदल्या दिवशी ती पाल्यानं भरलेली पाटी डोक्यावर घेऊन गावात जायची आणि मारुतीच्या पाराखाली ठेवून लांब उभी राहायची. विमलताई तांब्या घेऊन यायच्या. आधी पाटीवर पाणी शिंपडायच्या, पाला शुद्ध करून घ्यायच्या, मग हात लावायच्या. बाकीच्या बायका त्यांच्या मागून. मोठमायच्या पदरात वरून जोंधळा किंवा भाकरी पडायची. पाणी शिंपडल्यावर त्याच पाल्यानं गावभरच्या लेकींचे हात लाल व्हायचे. याचं कोणालाच काही वाटत नसे. मोठमायला वाटत असेल, पण तेव्हा तिला कोणी विचारलं नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले देव नाल्यात गेले, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं, गावात भाकरी मागणं बंद झालं. गावानं आम्हाला शेतातल्या कामावरून बंद केलं. दोन्ही बाजूंनी सगळं बंद. या सगळ्यात पुढं होता मोठमायचा दीर गोविंदा. त्याचं घर तिच्या अंगणाला लागूनच. माणूस तळमळीचा, पण त्याला सभा नसली की जेवण जात नसे. त्यानं वस्तीच्या बैठकीत ठराव मांडला की तुळसावहिनीच्या मेंदीनं आपल्याला पाटलाच्या पाराशी बांधून ठेवलं आहे, तेव्हा कुंपण उपटून टाकावं. शिवाय वहिनीनं आपलं नावही बदलावं, तुळस म्हणजे त्यांच्या देवाची. गोविंदा नावाच्या माणसानं हे सांगावं याचं बैठकीत कोणाला हसू आलं नाही. मला आलं, म्हणून मला बाहेर बसवलं.

मोठमाय बैठकीला गेलीच नव्हती. गोविंदा कुदळ घेऊन फाटकात आला तेव्हा ती आत दळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवाले मी सोडलं, पाराले सोडलं. झाडानं बी दीक्षा घ्याची राह्यली का? का त्याले पंचशील तू म्हनून दाखवशीन?"

गोविंदा म्हणाला की हा थट्टेचा विषय नाही. तिनं विळा उचलला आणि तीही थट्टा करत नाही हे दिसलं. त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं तुटलं. गोविंदाची बायको कौसल्या, तिच्याशी तर आधीपासूनच तुटलेलं होतं, त्यामुळं तिथं नवं काही करावं लागलं नाही.

पुढच्या पंचमीला पाराशी पाटी गेली नाही. विमलताईंनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतः उतार उतरून आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. कुंपणाबाहेर थांबल्या, पदर नाकाला लावलेला.

"तुळसे, पाटी काहून नाही आली?"

"पाटी घरातच हाये," मोठमाय आतून म्हणाली. "मी येत नाही."

"मंग पाला कोन आनन?"

"तुमी. आत या, बाजेवर बसा, माया माठातलं घोटभर पानी प्या. मंग पायजे तेवढा तोडा. दाना नोको, भाकर नोको, काई नोको."

विमलताईंना पहिल्यांदा वाटलं ही वाढवून मागते आहे. त्यांनी पायलीभर ज्वारी कबूल केली. मोठमायनं नुसतं माठाकडं बोट केलं, तेव्हा त्यांना कळलं की ही जे म्हणते आहे तेच म्हणते आहे.

"तुया घरचं पानी प्याची पाळी आली," त्या म्हणाल्या, "तं आमच्या पोरी पांढऱ्या हातानं सासरी जातीन."

"जाऊ द्या," मोठमाय म्हणाली. "पांढरे हात बी चांगले दिसते. धुवाचं काम नाही पडत."

इथून ती गोष्ट सुरू झाली. मोठमायला एवढंच पाहिजे होतं: गावातल्या एका बाईनं तिच्या अंगणात येऊन तिचं पाणी प्यावं. एका घोटापेक्षा जास्त तिनं कधी मागितलं नाही, आणि त्याहून कमी काही घेतलं नाही. गोविंदाला हेही पटेना. त्याचं म्हणणं, ज्यांनी आपल्याला पाणी दिलं नाही त्यांना आपण पाणी पाजायला का मरावं? मोठमायचं म्हणणं, पाजल्याशिवाय त्यांना कसं कळणार की त्यांनी दिलं नाही. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं, पण त्या दोघांपैकी कोणाला हे सांगितलं असतं तर दोघांनीही मला मारलं असतं.

त्या वर्षी विमलताईंची थोरली लेक नलू पंचमीला आली होती. लग्नाला वर्ष झालेलं. तिच्यासाठी यवतमाळच्या बाजारातून मेंदीची भुकटी मागवली. दुकानात किती उन्हाळे पडून होती कोण जाणे, नलूच्या हाताला गंज चढल्यासारखा रंग आला. सासरी तिच्या सासूनं विचारलं की माहेरी तुला शेण थापायला बोलावलं होतं का. हे आमच्यापर्यंत आलंच. गावातलं पाणी वस्तीपर्यंत येत नसे, गोष्टी येत.

दुसऱ्या वर्षी विमलताईंनी स्वतःचीच मेंदी करायचं ठरवलं. मोठमाय दुसऱ्या गावी शेत निंदायला गेली असताना त्यांचा सालदार रामधन येऊन कुंपणाच्या फांद्या तोडून घेऊन गेला. कौसल्यानं आपल्या दारातून पाहिलं आणि काही बोलली नाही. तिच्या जावेची फांदी गेली, तिची थोडीच. विमलताईंनी त्या काड्या विहिरीच्या थारोळ्याजवळ, शेणखत घालून, काळ्या मातीत लावल्या. ज्याच्या दाराशी विहीर आहे तो माणूस झाडाला जीव लावतो म्हणजे पाणी घालतो. रोज सकाळ-संध्याकाळ. मेंदी अशी तरारली की गाव बघायला गेलं. पानं लांब, मऊ, पोपटी. पुढच्या पंचमीला गावभर वाटली आणि सगळ्या बायकांचे हात हळद धुतल्यासारखे पिवळे. पाणी पिऊन सुस्त झालेल्या पाल्यात रंग कुठून यावा. त्याच पावसाळ्यात काळी माती आठ-पंधरा दिवस पाणी साचून चिभडली आणि मेंदी मुळापासून कुजून आडवी झाली.

यावर विमलताईंचा निकाल असा की तुळसानं करणी केली. नानाजींनी निकाल मान्य केला. मोठमायला मग आजूबाजूच्या शेतातही काम मिळेना. पार कळंबच्या बाजूला जावं लागायचं. एकदा तिच्या शेळीचा पाय मोडून ठेवला. ती रडली नाही. तिनं शेळी पाठीवर घेतली, पाटलाच्या घरासमोरून नेली आणि त्या घरातल्या प्रत्येकाला, न चुकता, वयानुसार वरपासून खालपर्यंत शिव्या दिल्या. धाकट्यापर्यंत येईतो तिचा घसा बसला होता, तरी धाकट्याला सोडलं नाही.

मग नानाजी सरपंच झाले आणि रस्ता रुंद करायचं निघालं. गाडरस्ता वस्तीच्या कडेनं जातो. माप घेतलं तेव्हा असं दिसून आलं की साऱ्या गावात रस्त्यात येणारी वस्तू एकच आहे, तुळसाबाईचं कुंपण. नानाजींचा स्वतःचा गोठा रस्त्यात अर्धा आलेला होता, पण तो मापात दिसला नाही. मी शिकलेला म्हणून वस्तीनं मला पुढं केलं. मी मोठमायला सांगितलं की नियमाप्रमाणं त्यांना असं करता येत नाही. तिनं विचारलं, "तुया नेम कुऱ्हाडीच्या दांड्याहून जाड हाये का?" मी म्हणालो, तसा नाही. ती म्हणाली, "मंग जेवून घे."

खरी मजा गोविंदाची झाली. जे कुंपण उपटायला तो कुदळ घेऊन आला होता, तेच आता गाव तोडणार म्हटल्यावर त्याला ते राखणं भाग पडलं. वस्तीतली चार पोरं घेऊन तो सकाळीच फाटकाशी बसला आणि एका पानाला हात लावू देणार नाही असं जाहीर केलं. मोठमाय बाहेर आली.

"काल उपटाले आलता," ती म्हणाली, "आज राखाले आला. माया कुपाशिवाय तुले दुसरा धंदा नाही का रे बाबू?"

"वहिनी, हा सगळ्या समाजाचा प्रश्न हाये."

"समाजाचा असन. मेंदी माई हाये. उठ इथून."

तो उठला नाही, तर तिनं त्याच्या अंगावर चुलीतली राख टाकली. गोविंदा पोरं घेऊन आपल्या दारात जाऊन बसला, राखेसकट. तिथून बघत राहिला. कौसल्यानं त्याचं अंग झटकलं आणि जावेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की काहींना माणसाची किंमतच नसते.

तो वैशाख होता. पाटलाकडं मुलाचं लग्न चार दिवसांवर आलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं, नलूही आलेली. कुंपण त्याच आठवड्यात का तोडायचं, हे आम्हाला दुपारी कळलं. रामधन आणि आणखी दोघं कुऱ्हाडी घेऊन आले, मागं नानाजी छत्री धरून. फांद्या तोडायच्या आणि रस्त्यावर टाकायच्या. रस्त्यावर पडलेला पाला कोणाच्या घरचा नसतो. तो उचलायला कोणाच्या अंगणात जावं लागत नाही, कोणाचं पाणी प्यावं लागत नाही. ही युक्ती नानाजींची होती असं मला वाटत नाही. त्यांना एवढं सुचत नसे. थोड्याच वेळात विमलताई आणि पाहुण्या बायका टोपल्या घेऊन उतार उतरायला लागल्या.

मोठमाय बाजेवर बसून होती. कुऱ्हाड चालताना ती बोलत होती, रामधनच्या बापापासून सुरुवात करून. बायका दिसल्या तशी ती गप्प झाली. आम्हाला ते बोलण्यापेक्षा वाईट वाटलं. बुंध्यापर्यंत सगळं तोडून झालं, रस्त्यावर पाल्याचा कमरेएवढा ढीग झाला, आणि विमलताईंनी पदर खोचला.

तेव्हा ती उठली, घरात गेली आणि पाण्याचा माठ कमरेवर घेऊन बाहेर आली. भरलेला होता. उन्हाळ्यातला भरलेला माठ म्हणजे झिऱ्यावर घालवलेली अख्खी सकाळ. बुंधे ओलांडून ती रस्त्यावर आली आणि तो सगळा माठ तिनं ढिगावर ओतला. हळूहळू, सगळीकडं पोचेल असा, पान न् पान ओलं होईपर्यंत. मग रिकामा माठ पालथा धरून झटकला.

"आता घ्या," ती म्हणाली. "मायं पानी तुमच्याऐवजी पाला प्याला."

टोपल्या जिथल्या तिथं थांबल्या. तिथंच उभ्या उभ्या बायकांत वाद सुरू झाला. एकीचं म्हणणं, वरून आपलं पाणी शिंपडलं की झालं. दुसरीचं म्हणणं, बाटलेल्यावर शिंपडलं तर शिंपडलेलंच बाटतं. तिसरी म्हणाली, उन्हात वाळवलं की पाणी उडून जातं, मग काय उरलं. नानाजींनी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. विमलताईंनी टोपली काखेत घेतली आणि सगळ्यांना मागं फिरा म्हणाल्या.

नलू फिरली नाही. ती तिथंच उभी राहून म्हणाली, "मी पिवळे हात घेऊन परत सासरी जानार नाही, आई. बोलनं मले ऐकावं लागते, तुले नाही."

विमलताई म्हणाल्या, "त्या पाल्याले हात लावशीन तं माया घरात पाय ठेवू नको."

"लग्नापुरता नाही ठेवत," नलू म्हणाली आणि वाकून पाल्याचा भारा उचलला.

"ठेव खाली," मोठमाय म्हणाली.

नलूनं वर पाहिलं.

"पाला फुकट नाही. आत ये, पानी पे, मंग उचल."

मला वाटलं इथं हे संपलं. पोरीनं आईला सोडलं, एवढ्यावर कोणीही समाधान मानलं असतं. मोठमायनं मानलं नाही. आणि नलूही विमलताईंचीच लेक. तिनं भारा खाली टाकला, तुटके बुंधे ओलांडले, अंगणात जाऊन बाजेवर बसली आणि हात पुढं केला. "दे."

तेव्हा मोठमायच्या ध्यानात आलं की माठ रिकामा आहे. घरात दुसरा थेंब नव्हता. तीन वर्षं ज्याच्यासाठी साऱ्या गावाशी आणि साऱ्या वस्तीशी वैर धरलं, ती घटका अंगणात येऊन बसली होती, हात पसरून, आणि तिच्याकडं पाजायला पाणी नव्हतं. झिऱ्यावर जाऊन यावं तर पोरगी उठून जाईल. तिची आई हाका मारतच होती. मी धावत निघणार, तर मोठमायनं मला हातानंच थांबवलं. ती गोविंदाच्या दाराकडं पाहत होती. गोविंदा राखेसकट बसलेला, कौसल्या चौकटीत उभी.

मोठमाय तिकडं गेली. किती जड पावलं टाकली ते सांगत नाही; अंगण लहान आहे, पण वेळ लागला.

"कौसल्या," ती म्हणाली, "तांब्याभर पानी दे."

"कोनाले पायजे?" कौसल्यानं विचारलं. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं.

"मले पायजे."

"तुमाले तं आमची गरज नसते नं बाई."

"आज हाये."

कौसल्यानं ते वाक्य थोडं मुरू दिलं. मग आत गेली आणि तांब्या भरून आणला, पण जावेच्या हाती दिला नाही. स्वतः चालत आली आणि नलूच्या हातात ठेवला. नलू आईकडं न बघता प्याली. घोटभर नाही, सगळा तांब्या, आणि रिकामा तांब्या बाजेवरच ठेवला. ऊनही तसंच होतं. विमलताई मागं न बघता चढ चढून गेल्या. नलूनं पाल्याचा भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि कोणाला राम राम न करता गेली. लग्नात ती पाहुण्यांच्या मांडवात जेवली, घरात गेली नाही. हात मात्र असे लाल झाले होते की वरातीत लोक नवरीचे सोडून तिचे पाहत होते.

पाऊस पडल्यावर बुंध्यांना इतके धुमारे फुटले की कुंपण आधीपेक्षा दाट झालं. मोठमायनं त्यात विशेष काही पाहिलं नाही. तिचं डोकं दुसरीकडंच गुंतलं होतं. कौसल्या वस्तीभर सांगत फिरत होती की पाटलाची पोरगी बाटली ती आमच्या पाण्यानं, आमच्या तांब्यानं, आणि आमच्या हातानं प्याली. तुळसाबाईनं नुसती बाज दिली. गोविंदानं तर बैठकीत तसं बोलूनही दाखवलं. मोठमायचं म्हणणं, पाणी एकदा तिनं मागून घेतलं की ते तिचं झालं. तांब्या कोणाचाही असो. त्यावर दोन्ही घरांत अजून भांडण चालू आहे. तिनं तो तांब्या परत दिलेला नाही, आणि कौसल्यानं मागायचं सोडलेलं नाही.